दुधाची जागा

"आज एकही रोल विकत घ्यायचा नाही," गाडीतून उतरायच्या आधीच मी लॉवेलला बजावलं. कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनाला आम्ही दर वर्षी क्लीव्हलंडला येतो आणि घरी गेल्यावर आमच्या फ्रिजमधून आणखी एक भाजी हद्दपार होते. फिल्म म्हणे थंडीत टिकते. म्हणून सेलरीच्या खणात रोल, अंड्यांच्या खाचांत रोल. परवा तर मी दूध खिडकीबाहेर बर्फात ठेवलं.

"नाही घेणार विकत. शब्द दिला," नवरा म्हणाला.

आणि गड्याने खरंच पाळला. फिल्मच्या स्टॉलसमोरून तो खिशात हात घालून, दात आवळून निघून गेला. स्टॉलवाल्याने नावाने हाक मारली, तरी मान वळवली नाही. शेवटी मलाच त्याची दया आली. म्हटलं, "जा, फिरून ये एकटा. मी कॉफी घेत बसते."

परतला तो हातगाडी ढकलत. गाडीवर छोटा फ्रिज होता, स्टॉलवर रोल मांडून ठेवतात तसला.

"दुधाला जागा नाही, हीच तक्रार होती ना तुझी?"

मला अगदी भरून आलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने माझ्यासाठी काहीतरी आणलं होतं. मी कौतुकाने दार उघडलं. फ्रिज रोलनी गच्च भरलेला होता.

"मी फ्रिज विकत घेतला," लॉवेल शांतपणे म्हणाला. "आत काय आहे, ते मी कशाला बघू?"