साडेबारा हजार किलोमीटर

“कुठलोंग उना मना योगी?” मुलगा कुठवर आला, ते उषाबाईंनी डोळे न उघडता विचारले.

“आत्ताच निघालंय विमान, आई. खाली बर्फ असेल,” धनश्री म्हणाली.

धादांत खोटे. तिच्या धाकट्या भावाने, योगेंद्रने, सकाळीच न्यू यॉर्कहून फोनवर सांगितले होते : कागदपत्रे अडकली आहेत, एकदा निघालो की पुन्हा आत घेणार नाहीत. आणि इकडे उषाबाईंनी कालपासून पाण्याला ओठ लावला नव्हता. शेवटचे पाणी मुलाच्याच हातचे, हा त्यांचा हट्ट. उशाशी तुळशीपत्र घातलेले फुलपात्र काठोकाठ भरून तसेच होते.

धनश्री सुरतेतल्या उधन्याच्या शाळेत भूगोल शिकवी. तिने नकाशाचे पुस्तक मांडीवर घेतले आणि वडिलांच्या मागे उरलेला जरीचा धागा न्यू यॉर्कपासून मुंबईपर्यंत ताणला. साडेबारा हजार किलोमीटर. लंडनचा थांबा धरून अठरा तास. तासाला एक, अशा अठरा गाठी तिने त्यावर मारल्या. विमान मुंबईत उतरवायचे, गाडी सुरतेत आणायची, आणि मिटल्या डोळ्यांच्या आईला आपल्याच हाताने योगेंद्रचे पाणी पाजायचे. एवढेच तिला करता येण्याजोगे होते.

“बर्फ?” उषाबाई पुटपुटल्या. “नई वं माय. खाल वाळू शे. वाळूच वाळू.”

तापाचे बोलणे, असे धनश्रीने मनाला समजावले. बाहेर यंत्रमागांची खडखड संध्याकाळच्या अंगात भिनत गेली. धाग्यावरून तिचे बोट सरकत राहिले.

“लंडन आलं, आई.”

“हां. आठे पानी पडी ऱ्हायना.”

लंडन म्हणजे पाऊस; प्रथमच दोघींचे जुळले. धनश्रीला हायसे वाटले. आई ‘इथे’ का म्हणाली, हे तिने विचारले नाही.

पहाटे तिने सांगितले, “अरबस्तानावर आलाय. आता खाली वाळू.”

उषाबाई कुडकुडत होत्या. धनश्रीने त्यांचे तळवे हातात घेतले आणि सोडून दिले, इतके ते गार होते.

“सगळं धवयं शे. कापूससारखं. मन्या चपला घर राही गयात.”

“आई, मी वाळू म्हणाले.”

“तुले नकाशा समजस, धनू. वाट नई समजत.”

धनश्रीचा हात थबकला. सावकाश, जणू कुणी पाहत असावे अशा संकोचाने, तिने धाग्याचे दुसरे टोक धरले आणि मुंबईकडून गाठी मोजल्या. त्या टोकाकडून निघाले तर वाळू कालच मागे पडली होती.

सकाळ झाली. शेवटची गाठ बोटाखाली आली. तिला दुसरे काही सुचेना, ठरलेलेच ती बोलली, “उतरलं विमान.”

“दार उघडनं,” उषाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा श्वास कुठेतरी दूर जाऊन थांबला.

फोन वाजला.

“ताई,” न्यू यॉर्कहून योगेंद्र विचारत होता, “आईला कुणाबरोबर पाठवलंस? दारात उभी आहे गं. बर्फात, अनवाणी. घरात ये म्हटलं तर येत नाही. नुसतं पाणी मागतेय. देऊ?”

धनश्रीने वळून पाहिले. फुलपात्र अजून काठोकाठ भरलेले होते.

“दे,” ती म्हणाली.

उषाबाईंच्या भेगाळलेल्या ओठांच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक बारीक ओघळ उशीवर उतरला.