पीपी नंबर

"आजोबा, सोडा तो फोन. एक्स्चेंजच बंद झालंय, वायर काढायची आहे," लाइनमन म्हणाला. मी फोन पोटाशी घट्ट धरून बसलो होतो.

"अरे, बावीस घरांचा पीपी नंबर आहे हा! फोन कुणाचाही असो, यायचा आमच्याकडे, आणि अंगणातून हाक मारायचो मी. एकदा आमच्या परटाला मारली, तर नदीपलीकडच्या गावचा परीट धावत आला!"

तो हसला, पण पक्कड काही त्यानं खाली ठेवली नाही. "आता घरोघरी मोबाईल आहेत की."

"आहेत ना! पण शेजारच्या हिराक्काचा लेक भांडून गेला त्याला नऊ वर्षं झाली. तिचा मोबाईल नंबर त्याला काय स्वप्नात कळणार? त्याला पाठ आहे तो हाच."

आमचा आवाज ऐकून हिराक्का राखेच्या हातानंच दारात आली. "त्यानं हा नंबर फिरवला, तर त्याला काय ऐकू येईल रे?"

"एक बाई बोलते, मावशी. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' म्हणते."

"अस्तित्वात नाही?" हिराक्का कडाडली. "मी इथं जिवंत उभी, आणि ती भवानी माझ्या पोराला असं सांगणार? म्हातारी मेली समजून परत कधी फोनच करायचा नाही तो!"

मी फोन तसाच धरून लाइनमनकडे वळलो.

"त्या बाईला म्हणावं, बये, तुला बोलायचंच असेल तर एवढंच बोल. फोन ठेवू नका, आक्काला बोलावते."