ठसका

"जरा इकडे ये," काका म्हणाले.

घरी ती त्यांना बाबा म्हणे. प्रयोगशाळेत मात्र काका, सगळे म्हणत तसंच. नियम तिनेच घातला होता, पहिल्याच दिवशी, फाटकापाशी. वडील तंत्रज्ञ, मुलगी संशोधक. उगाच कुणी वशिल्याचं बोलायला नको. त्यांनी तो इतक्या इमानाने पाळला की कधी कधी घरीसुद्धा "मॅडम, जेवायला चला" म्हणत.

टेबलावर तळहाताएवढा फ्युएल सेल होता. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा. त्यातून वीज मिळते आणि उरतं पाणी. किती वीज ओढली की व्होल्टेज किती उतरेल, याचं गणित तिने मांडलं होतं. दोन वर्षं त्यात गेली होती. आलेखावर तिची रेषा जिना उतरावा तशी सावकाश खाली येत होती आणि काकांची रीडिंग तिच्यावर नेमकी बसत होती, शेवटची चार सोडून. ती चार विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती.

काकांनी सेलमधून बाहेर येणाऱ्या पारदर्शक नळीवर बोट ठेवलं. "स्वतःचंच पाणी अडकतंय त्याच्या घशात. हवेला आत जायला वाट कुठाय? ठसका लागतो मग."

वहीत शेऱ्याच्या रकान्यातही त्यांनी तेच लिहिलं होतं: ठसका. तिने नळीत अडकलेल्या थेंबांवर नजर टाकली आणि असले शब्द रिपोर्टात चालत नाहीत म्हणून सांगितलं.

दुपारी तिचे मार्गदर्शक सर आले, मागोमाग तीन-चार विद्यार्थी. सरांनी आधी आलेख पाहिला, मग वही, आणि शेरा मोठ्याने वाचला. पोरं हसली. खोकल्याचं औषध आणू का, असं कुणीतरी विचारलं. तीही हसली. मग सरांनी त्या चार ठिपक्यांवर पेन टेकवलं. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता.

"रीडिंग घेताना चूक झाली असेल, सर," ती म्हणाली. "काकांना हल्ली बारीक आकडे नीट दिसत नाहीत."

काका शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, फडक्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिने चार वेळा डिलीटचं बटण दाबलं. आलेख स्वच्छ झाला.

संध्याकाळी ती एकटीच घरी निघाली. थोडं काम उरलंय, मागून येतो, काका म्हणाले. आले तेव्हा तिचं जेवण झालं होतं. निजण्याआधी त्यांनी दाराची कडी नेहमीसारखी दोनदा चाचपून पाहिली. सकाळी ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी तिने ती वही उघडली. त्या दिवसाच्या पानामागे आणखी एक पान भरलेलं होतं. तीच चार रीडिंग, तीन वेळा घेतलेली. आकडे तेच. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात पहिल्यांदा 'पुन्हा घेतले'. मग 'चष्मा पुसून घेतले'. आणि शेवटी 'वॉचमनकडून वाचवून घेतले'.

ठसका हा शब्द मात्र त्या पानावर कुठेच नव्हता.

तिने प्रबंधाची मुदत वाढवून घेतली आणि गणितात पाणी घातलं. सेलमध्ये किती साचतं, हवेची किती वाट अडवतं, सगळं पहिल्यापासून मांडलं. दोन महिने लागले. नवी रेषा जिना उतरावा तशी उतरत आली, शेवटच्या पायरीवर तिचा तोल गेला, आणि ती चारही ठिपक्यांमधून सरळ खाली गेली.

सरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. त्याच टेबलाभोवती सगळे जमले. "म्हणजे गाळलेली ती रीडिंग चुकीची नव्हती तर," सर खुशीत म्हणाले. "पण पाण्याचं कसं काय सुचलं गं तुला?"

"मला नाही सुचलं. बाबांनी दाखवलं होतं."

हा शब्द त्या खोलीत तिच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. तिने रिकाम्या नळीवर बोट ठेवलं.

"आणि सर, त्यांचे डोळे चांगले होते. इथलं पाणी त्या दिवशी मीही पाहिलं होतं."