एक्सरे कुणाचा

सोनमनं पिशवीतून मोबाईल काढला, फोटो मोठा केला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, ह्यो एक्सरे ह्यांचा हाय का जोजींचा, तेवढं बघून सांगा."

डॉ. संयोगिता सरनोबत हातमोजे काढत होत्या. राजारामपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात बाहेर चार पेशंट बसले होते, तरी सोनमला त्यांनी मधेच आत घेतलं होतं. तिचा नवरा कृष्णात हा त्यांचा लाडका पेशंट. मस्कतला वेल्डर. तिथं एका दाताला जे मागतात त्यात कोल्हापूरला सगळं तोंड होतं आणि वर विमानाचं तिकीटही निघतं, हे त्यानं हेरलं होतं. दोन सुट्ट्या त्यानं त्यातच घालवल्या. पहिल्या खेपेला हाडात स्क्रू, दुसऱ्या खेपेला त्यावर दात. दोन्ही वेळा खोलीतला जोडीदार बरोबर होता, केरळचा जोजी. दोघं हुपरीला कृष्णातच्या घरी राहायचे आणि एसटीनं दवाखान्यात यायचे. एकामागून एक खुर्चीत बसायचे. गाल बधिर झालेले असताना एकमेकांची चेष्टा करायचे, आणि कोण काय बोलतंय ते कुणालाच कळायचं नाही.

"तिथला डॉक्टर गाठला वाटतं शेवटी?" संयोगितांनी हसत विचारलं.

"तिथल्या हॉस्पिटलनंच पाठवलाय. दोघास्नी एकदमच न्हेलतं. कोण कुठला, त्यांचा घोळ झालाय."

"नावं लिहून ठेवायला काय होतं यांना?"

सोनमनं साडीचा पदर गुडघ्यावर नीट पसरला.

"कृष्णातना फोन लावा की. दोन मिनिटांत उलगडा होईल."

"फोन लागत न्हाय त्यांचा."

"आणि जोजीचा?"

"त्यांचाबी न्हाय."

"बरं. ज्याचा हा एक्सरे आहे त्याला दुखतंय का फार?"

"न्हाय," सोनम म्हणाली. "दुखत न्हाय."

संयोगितांनी कपाटातून दोन्ही फायली काढल्या. "एकट्याच आलाय?"

"आण्णा हायत खाली. थोरलं दीर."

"मग वर बोलवा की. उन्हात कशाला उभं केलंय?"

"त्यांना न्हाय येववत वर."

जिना तसा उभाच होता. संयोगितांनी मान हलवली आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरला. लगेच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा काय एक्सरे झाला? वाकडा, त्यात अर्धाच. पेशंटला नीट तोंड उघडायला सांगायचं की. आमच्याकडं शिकाऊ पोरीसुद्धा यापेक्षा चांगला काढतात."

"कळंल का पर?"

"कळेल. न कळायला काय झालं?" त्यांनी फोटो पुढंमागं सरकवला. "दोघांनाही मी खालीच स्क्रू बसवलेत, दोन-दोन. फक्त कृष्णातना डाव्या बाजूला आणि जोजीला उजव्या. आणि हे बघा, हे उजवीकडं आहेत. जोजीचा एक्सरे आहे हा."

सोनमनं खुर्चीचा हात धरला.

"जोजींचा?"

आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज वर चढला होता. तिनं डोळे मिटले. ओठ हलले. मग काहीतरी वाईट केल्यासारखं तिनं डोळे पटकन उघडले आणि खाली बघितलं.

"त्यांची बायको पोटुशी हाय," ती पुटपुटली.

"हो? छान! कळवा माझ्याकडून," संयोगिता म्हणाल्या. अजून त्यांची नजर फोटोवरच होती. "थांबा हं. कोपऱ्यात एल अक्षर दिसतंय, तेही उलटं. फोटो उलटा आलाय हा. डावं ते उजवं झालंय."

त्यांनी मोबाईलवर फोटो पालटून घेतला, कृष्णातची फाईल उघडली आणि जुना एक्सरे खिडकीकडं धरला. सोनम उठून त्यांच्या मागं येऊन उभी राहिली.

"हे बघा. मागचा स्क्रू जरा तिरका आहे ना? तिथं हाड पातळ होतं त्यांचं. मी मुद्दाम तसा घातला, दीड तास लागला मला. दुसऱ्या कुणी घातला असता तर आतापर्यंत हलला असता. इथं बघा, आहे तसा आहे." त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी धरली. "कृष्णातचाच आहे."

"नक्की?"

"शंभर टक्के. माझं काम मी ओळखणार नाही होय?"

सोनम जुन्या एक्सरेकडं बघत राहिली. त्यात सगळे दात होते, जबडा पूर्ण होता, आणि हनुवटीची कड सुद्धा.

"लिहून द्या मॅडम. सही-शिक्क्यासकट. त्यांनी मागितलंय."

संयोगितांनी दवाखान्याच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, तारखा घातल्या, शिक्का मारला. जुना एक्सरे पाकिटात घालून दिला. "त्यांना म्हणावं, पुढच्या सुट्टीत येऊन एकदा सफाई करून जा. आणि ह्याचं काही द्यायचं नाही, घरचंच आहे."

"व्हय," सोनम म्हणाली. दारापाशी जाऊन ती परत वळली. "लई चांगलं काम केलंसा मॅडम. ह्ये खरंच सांगत हुतं."

जिना ती एकेक पायरी करत उतरली. आण्णा मोटारसायकलला टेकून उभे होते. तिला बघून सरळ झाले. तिनं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"आण्णा, जोजींच्या बायकोला आधी फोन लावा," ती म्हणाली. "आगीतनं एकटं वाचलंय, बेसुद हाय, त्ये तिचं माणूस हाय म्हणावं."