तोंडी परीक्षा

“युवर पेशंट एक्स्पायर्ड,” सिस्टर म्हणाली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. “अगं, औषधं एक्स्पायर होतात. माणसं नाही!”

“वॉर्डात आम्ही असंच म्हणतो, सर.”

“म्हणून तर मागच्या खेपेला नापास झालीस.”

परदेशातल्या नोकरीसाठी सिस्टरची उद्या तोंडी परीक्षा होती. नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगाल, हा प्रश्न त्यात हमखास यायचा आणि नेमकी तिथेच तिची बोबडी वळायची. यंदाही हुकली तर पुढच्या खेपेला वय बसणार नव्हतं. म्हणून सकाळची औषधं देऊन झाली की ती मास्तरांच्या खाटेशी उभी राहून शब्द शिकायची. सॅड, लोनली, हार्टब्रोकन.

मास्तर आणि त्यांची बायको एकाच अपघातात सापडले होते. मास्तरांच्या पायाला वजन लावलेलं, खाट सोडायची सोय नाही. बायको वरच्या मजल्यावर आयसीयूत. सिस्टर रोज आल्या आल्या वरची खबर द्यायची. मग मास्तर तिच्याबरोबर बायकोसाठी एखादं गोड इंग्रजी वाक्य धाडायचे आणि काकू धापा टाकत का होईना, उलट निरोप पाठवायच्या, ‘म्हाताऱ्याला म्हणावं, मराठीत बोल.’

आज सिस्टरने आल्या आल्या ताप बघितला, चादर सारखी केली, भरलेला पेला ओतून पुन्हा भरला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. उद्या परीक्षा म्हटल्यावर कोणाचा उडणार नाही! मास्तर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि शब्द बाजूला ठेवून त्यांनी थेट वाईट बातमीचाच प्रश्न घेतला.

“आधी बस,” ते आता म्हणाले. “अशी बातमी उभ्याने सांगू नये.”

ती स्टुलावर बसली.

“मला नातेवाईक समज. नजर माझ्याकडे. घाई नको. आणि ‘रडू नका’ असं चुकूनही म्हणायचं नाही.”

“ते रडायला लागले तर?”

“रडू द्यायचं. तू जागची हलायचं नाहीस.”

तिने सुरुवात केली. ‘आय अ‍ॅम सो सॉरी’पर्यंत आली आणि तिथेच अडली.

“पाणी पी. परत.”

ती पुन्हा अडली, आणखी एकदा अडली. एका उच्चारासाठी अख्खा वर्ग डोक्यावर घेणारा हा माणूस, पण आज चिडला नाही. शेवटी तिने ‘पास्ड अवे’सकट सगळं वाक्य म्हटलं, मास्तरांच्या डोळ्यांत बघत.

“जमलं,” मास्तर म्हणाले. “उद्या पास होशील.”

बाहेरून कोणीतरी सिस्टरला हाक मारली. ती उठली नाही.

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला.

“आता मराठीत सांग, पोरी. कधी गेली आमची ही?”