कारणाचा रकाना

“कारण काय लिहू?” टायपिस्ट शीलाबाईंनी विचारले आणि कीबोर्डवरची बोटे तशीच अधांतरी ठेवली.

वृषाली पडद्याकडे पाहत होती. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत तिचे वडील, दादाभाऊ, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. जुन्नरच्या कचेरीबाहेरचा पत्र्याचा आडोसा उन्हाने तापला होता. बी.फार्मसीचे तिसरे वर्ष सोडायचे, तर प्रवेश रद्द करण्याचे प्रतिज्ञापत्र आज पाचच्या आत कॉलेजात पोहोचायला हवे होते; खाली मुलीची सही, वडिलांची सही. बाकी सारे टाइप करून झाले होते. एवढा एक रकाना उरला होता.

“नापास?”

“नाही. पंचाहत्तर टक्के आहेत.”

शीलाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. “आणि सोडतेस? पुढं काय करणार मग?”

“ठरलं नाही अजून.”

“ह्येच तर,” दादाभाऊ म्हणाले. “नापास झाली असती तर समजलं असतं. कुनी तरास दिला म्हनली असती तर काठी घेऊन गेलो असतो. जनावर सुदिक चालता चालता बसलं, तर त्याला कायतरी कारण असतंय.”

“आबा, पहिलं वर्ष आवडलं होतं मला. खरंच आवडलं होतं. आता वर्गात बसते, लिहून घेते, पास होते. पण मी तिथं नसतेच.”

“‘मी तिथं नसतेच’ असं लिहून दिलं, तर कॉलेजवाले तुला नाही, मला येड्यात काढतील,” शीलाबाई म्हणाल्या. मग खुर्ची वळवून त्या दादाभाऊंकडे तोंड करून बसल्या. “हे बघा भाऊ, मी रोज असले कागद करते. आजारपण लिहिलं, तर वर्षाच्या आत परत घेतात. ‘स्वेच्छेने’ लिहिलं, की दार बंद. मागाहून रडत गेलात तरी कुणी उभं करत नाही.”

वृषालीने मान वर केली. दार बंद होणार हे तिने गृहीत धरले होते. ते किलकिले ठेवता येते, हे तिला आत्ता कळत होते. महिनाभर ती ज्याला निश्चय म्हणत आली होती, त्याला एकाएकी फट पडली आणि तिला बरे वाटले. त्या बरे वाटण्याचीच तिला भीती वाटली.

“लिहा आजारपण,” दादाभाऊ म्हणाले.

“पोरीच्या कागदावर आजार नको, भाऊ. उद्या पावणे बघायला येतील. कसला आजार, कधीचा, अजून हाय का. शंभर जण विचारतील.”

दादाभाऊ थबकले. क्षणभरच.

“मग माझं लिहा.”

“तुमचं?”

“बाप आजारी हाय, घरात दुसरं मानूस न्हाई, पोरगी जवळ पायजे. काय बी लिहा. हृदय लिहा.”

शीलाबाईंची बोटे धावू लागली. पडद्यावर अक्षरे उमटत गेली, तशा त्या वाचत गेल्या. “‘माझे वडील हृदयविकाराने अंथरुणास खिळून असल्याने...’”

“अंथरुणाला नका खिळवू, बाई. सही करायला मीच बसलोय हितं.”

शीलाबाई हसल्या. दादाभाऊही हसले. पण हसता हसता त्यांचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. आत खरेच काही आहे का, ते चाचपत असल्यासारखा. सकाळी पिंपळवंडीहून निघण्याआधी याच हातांनी त्यांनी कांद्याच्या वीस गोण्या टेम्पोत चढवल्या होत्या.

वृषाली त्या हाताकडे पाहत राहिली. वर्षभर तो असाच राहील, तिच्यासाठी दार धरून.

“खोडा ते,” ती म्हणाली.

“काय खोडू? हृदयविकार? मग दमा लिहू का?”

“काहीच नको. ‘स्वेच्छेने’ लिहा.”

“पोरी, परत घेणार नाहीत. नीट ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

शीलाबाईंनी लिहिलेले खोडले आणि दादाभाऊंकडे पाहिले. “काय करू, भाऊ? तुमच्या सहीबिगर ह्याला किंमत नाही.”

दादाभाऊंची नजर रस्त्याकडे वळली. रस्त्यावरून आळेफाट्याची एसटी हॉर्न वाजवत गेली, तिच्या मागची धूळ खाली बसली. पडद्यावरच्या रिकाम्या जागी कर्सर लुकलुकत होता.

“एका वर्साचा तर सवाल व्हता, वृषे,” ते शेवटी म्हणाले. “येवढं खोटं मी पेललं असतं.”

“माहीत आहे, आबा. म्हणूनच.”

त्यांनी छातीवरचा हात काढला. तो कुठे ठेवावा हे त्यांना क्षणभर सुचले नाही.

“काढा कागद,” ते म्हणाले.

नोटरीचे टेबल शेजारीच होते. वकिलांनी कागद पुढ्यात ओढला, शिक्का शाईवर दाबला आणि मान वर न करता, दिवसभरात पन्नासदा विचारलेला प्रश्न विचारला. “वर लिहिलेलं सगळं खरं आहे?”

“हो.” वृषालीने सही केली.

“आणि तुम्ही, वडील? खरं आहे ना सगळं?”

दादाभाऊंनी आधी सही केली. एकेक अक्षर, सावकाश, दगडात कोरावे तसे. पेनला टोपण लावले. पेन वकिलांच्या हातात दिले.

“तिचं खरं हाय, सायेब,” ते म्हणाले. “माझं व्हायला येळ लागंल.”