रजनीबाईंचं आमेन

आमेन जरा लवकर म्हटलं की रजनीबाईंच्या पदरात बरंच काही पडायचं. गरम घास, दुपारी पाठ टेकायला थोडा वेळ, आणि शब्दासाठी घामाघूम झालेल्या नवऱ्याकडे बघत बसण्यापासून सुटका. एवढ्याशा शब्दाला ही कमाई वाईट नव्हती.

साळव्यांच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना शरच्चंद्ररावांनीच करायची आणि आमेन होईपर्यंत ताटाला कुणी हात लावायचा नाही, हा नेम होता. बँकेच्या बदलीने नगरहून कोलकात्याला आले, निवृत्त होऊन डमडमलाच राहिले, तरी तो सुटला नाही. पक्षाघाताने उजवा हात गेला, वाचा गेली, नेम राहिला. गंमत अशी, की एरवी पाणी हवं तरी बोट दाखवणारा हा माणूस प्रार्थनेत मात्र बोलायचा. अडखळत, विहिरीतून शेंदल्यासारखा एकेक शब्द, पण बोलायचा. आधी देवाचे आभार, अन्नाचे आभार. मग माणसं: नगरची बहीण, पाळकसाहेब, मुलगा केदार. सगळ्यांत शेवटी, जिने रांधलं ती. तिथे गाडी रुतायची.

"र... र..."

"आमेन," म्हणून रजनीबाई वाढायला डाव उचलायच्या.

एस्प्लनेडच्या वाचा-उपचारवाल्या बाईने बजावलं होतं, त्यांची वाक्यं तुम्ही पुरी करू नका. पण आमेन हे काही वाक्य नव्हे, असं रजनीबाईंचं मत होतं. आणि याच रजनीबाई रोज सकाळी दूध तापवताना देवाला म्हणायच्या, यांच्या तोंडून एकदा माझं नाव येऊ दे, पुन्हा काही मागणार नाही. देव मनावर घेत नव्हता. "त्याला कसली घाई," त्या केदारला म्हणायच्या. "त्याला कुठे कुकर लावायचाय."

आज रविवार. उपासनेहून येऊन त्यांनी मटण केलं होतं, इथल्यासारखा मोठा बटाटा घालून. रात्रभर चादरी बदलण्यात डोळ्याला डोळा लागला नव्हता. केदारला कामावर रविवारचीच पाळी होती.

"बाबा, आज जरा थोडक्यात घ्या हं," तो फोनकडे बघत म्हणाला. "गाडी बोलावलीय मी."

"त्यांना काय सांगतोस? वर सांग," रजनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"हे... पि... पित्या..."

नगरच्या बहिणीपर्यंत त्या जाग्या होत्या. पाळकसाहेबांपाशी हनुवटी छातीला टेकली.

जाग आली ती शांततेने. पंखा तेवढा कुरकुरत होता. "आमेन," त्या सवयीने म्हणाल्या आणि डाव शोधू लागल्या. मटणावर चरबीची पांढरी साय धरली होती. दोघांची ताटं कोरडी.

"अगं, आमेन केव्हाच झालं," केदार म्हणाला.

"मग जेवला का नाहीत?"

"बाबा हात लावू देतील तर ना! तुला उठवूही देईनात. ओठांवर बोट ठेवून बसलेत. माझी गाडी आली नि गेली."

शरच्चंद्ररावांनी डावा हात ओठांवरून खाली घेतला.

"आई," केदार जरा हळू आवाजात म्हणाला, "बाबांनी नाव घेतलं तुझं. रजनी म्हणाले. स्वच्छ."

"चल! भुकेने काहीबाही ऐकू येतंय तुला."

"शप्पथ. वेळ लागला खूप. पण तू झोपलेली, मध्येच आमेन म्हणायला कुणी नव्हतं."

 रजनीबाईंनी पदराने उगाचच ताटाची कड पुसली. मग नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, खरंच घेतलंत? मग परत घ्या ना एकदा. एकदाच."

शरच्चंद्ररावांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली, आवाज काही फुटेना. तोंड मिटलं. थोडा वेळ ते मटणाच्या भांड्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि मान खाली घातली.

"हे... पि..."

"अरे देवा!" केदार म्हणाला. "पहिल्यापासून?"

"गप्प बस," रजनीबाई म्हणाल्या. "तिथवर जायला त्यांना दुसरी वाट नाही."

त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. केदारने फोन पालथा घातला. देवाचे आभार झाले, अन्नाचे झाले. आता गार झालेल्या अन्नाचे, पण तेवढ्याच मनापासून. नगरची बहीण आली. पाळकसाहेबांना नेहमीसारखाच वेळ लागला. केदार येऊन गेला.

"र..."

कपाळावर घाम आला. "र... र..."

त्या दुपारी केदारची गाडी गेली, रजनीबाईंची झोप गेली, मटण तर केव्हाच गेलं होतं. रजनीबाईंनी नवऱ्याचा निकामी हात मांडीवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला, डोळे घट्ट मिटले, आणि जिभेवर आलेलं आमेन गिळलं. सकाळपासून त्यांच्या पोटात गेलं ते तेवढंच.